गेलेल्या भावंडाचे गुण नकोत, खोड्या सांगा

माळवद | ३० सप्टेंबर, रात्री ९:४०

तारीख बघून लातूर-धाराशिवकडच्या मंडळींच्या लक्षात आलंच असेल. १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकडा ७,९२८ माणसांचा आहे. त्यात माझा दादा. तो सातवीत होता, मी तिसरीत.

आज सकाळपासून नातेवाइकांचे फोन चालू आहेत. सगळ्यांचं एकच पालुपद, "किती गुणी लेकरू होतं!" मावशी म्हणते, कधी उलटून बोलला नाही. काका म्हणतात, जगला असता तर कलेक्टर झाला असता. मी नुसतं हं हं करते. मनात येतं, ही माणसं कुणाच्या पोराबद्दल बोलतायत?

माझा दादा रात्री गूळ चोरून खायचा आणि बरबटलेला हात झोपलेल्या माझ्या तोंडाला पुसायचा. सकाळी मार मला. माझी वेणी बाजेच्या सुंभाला बांधून "साप, साप" ओरडायचा. तेराचा पाढा मला त्याच्याआधी आला म्हणून त्याने माझी पाटी आडात टाकली होती, आणि वर आईला सांगितलं की तिनेच टाकली, अभ्यास नको म्हणून. कलेक्टर कसला होतोय!

त्याचा एकही फोटो नाही. घरात जे काही होतं ते भिंतीखाली गेलं. आहे ते एवढंच, मला आठवतं ते. आणि दरवर्षी लोक त्यावर गुणी, समंजस, देवमाणूस असं काहीबाही सारवत चाललेत. आणखी काही वर्षांनी मलाही तो तसाच आठवायला लागेल, ह्याची मला भीती वाटते.

म्हणून हा धागा. तुमचं भावंड लहान वयात गेलं असेल तर त्याची एक तरी खोडी इथे लिहा. गुण लिहायचे नाहीत. ते लिहायला श्रद्धांजलीचे फलक आहेत.

---

पेणची_पाहुणी | ३० सप्टेंबर, रात्री १०:०५

धागा वाचून हसू आलं आणि लगेच हसल्याचं कसंसंच वाटलं. एक विचारू? आमच्याकडे कौलारू घरं. तुमच्या नावातलं ते माळवद मी पाहिलेलं नाही. त्यानेच एवढी माणसं गेली का?

---

माळवद | ३० सप्टेंबर, रात्री १०:३१

हसा हो, त्यासाठीच काढलाय.

माळवद म्हणजे सपाट धाबं. लाकडी खांब, तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दरसाल वर नवी माती टाकायची, म्हणजे थर वाढतच जातो. पण खरा घात भिंतींनी केला. दगडाच्या, आत मातीचा भराव, दोन-अडीच हात रुंद. उन्हाळ्यात घर गार राहायचं त्या भिंतींमुळेच. सिमेंट नाही, दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत अडकवणारा लांब दगड नाही. हलल्याबरोबर भिंत पोटातून फुटली. कितीतरी घरांत लाकडी सांगाडा उभा होता आणि माणसं दगड-मातीखाली. त्याच लाकडांवर मग पुढचे दिवस चिता रचल्या, आणि वरून पाऊस. १९९२ साली किल्लारीत धक्के बसत होते तेव्हा लोक काही दिवस बाहेर झोपले होते. मग काही होत नाही म्हणून परत आत गेले.

असो. खोड्या.

---

मोरगिरीकर | १ ऑक्टोबर, सकाळी ७:१२

आमचा भाग कोयनेच्या १९६७च्या भूकंपाचा, त्यामुळे भिंतीचं लगेच कळलं.

थोरल्या भावाची सांगतो. त्याला आठव्या-नवव्या वर्षी घसा धरून ताप आला. मग गुडघे सुजले, ते उतरले तर घोटे सुजले, मग मनगटं. वाढीचं वय, वारं धरलंय, असं म्हणत शेक दिला. सांधे बरे झाले. दोनेक वर्षांनी चढ चढताना धाप लागायला लागली तेव्हा साताऱ्याला नेलं. तिथे कळलं, हृदयाची झडप आकसलीय. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन. ते फार दुखायचं, आणि दादा त्या दिवशी कुठेतरी उसात लपून बसायचा.

आता खोडी. त्याच्या छातीवर तळवा ठेवला की आत घरघर जाणवायची. ह्या पठ्ठ्याने गावभर सांगितलं की माझ्या छातीत मांजर पाळलंय. हात लावून बघायचं असेल तर एक गोटी, कान लावायचा तर दोन. सख्ख्या भावाकडूनही घ्यायचा, सूट नाही. गोट्यांनी डालड्याचा डबा भरला होता. एका मुलाकडे गोट्या नव्हत्या तर त्याच्याकडून शेरडं राखून घेतली.

सतराव्या वर्षी गेला. डबा अजून माझ्याकडे आहे. त्यात माझ्याही गोट्या आहेत, त्या मी परत घेतलेल्या नाहीत.

---

माळवद | १ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

छातीत मांजर! हे तर दादालाही सुचलं नसतं.

---

डॉ_उंबरठा | १ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मोरगिरीकर, तुमच्या भावाचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. डावीकडची झडप अरुंद झाली की रक्त त्यातून थरथरत जातं आणि ती थरथर हाताला लागते. आम्हाला शिकवतानाही मांजराचंच उदाहरण देतात. त्याने ते स्वतःच्या छातीवर शोधलं, गोट्यांसकट.

धाग्यात उपदेश घुसडल्याबद्दल रागावू नका, पण लहान मुलं असलेल्यांसाठी दोन ओळी. हा ताप घशातल्या एका जिवाणूनंतर येतो, बहुतेक पाच ते पंधरा वयात. एक सांधा उतरतो आणि दुसरा सुजतो, ही त्याची खूण. घसादुखीच्या वेळीच पेनिसिलीन मिळालं तर हृदय वाचतं. एकदा ताप येऊन गेला असेल तर पुन्हा येऊ नये म्हणून ते इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. मूल बरं दिसायला लागलं की घरचे थांबवतात, तिथेच घोटाळा होतो.

---

तिरकस_रेघ | १ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

धागालेखिकेचा हेतू चांगला असेल, पण मला हे पटत नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलतात त्याला कारण आहे. तो उलटून उत्तर द्यायला नसतो. चोर, खोटारडा, लबाड, हे सगळं तुम्ही एका बारा वर्षांच्या मुलाबद्दल जाहीर लिहिताय. तुमच्या आईने हे वाचलं तर?

---

माळवद | १ ऑक्टोबर, रात्री ९:१८

तिरकस_रेघ, लिहिणार नव्हते पण लिहिते.

त्या दिवशी विसर्जनाहून आल्यावर खोबरं-साखरेची खिरापत वाटली. माझ्या वाटणीची दादाने खाल्ली आणि रिकामी मूठ माझ्या हातात दिली. मी भोकाड पसरलं. आम्ही दोघं माजघरात एका वाकळेवर झोपायचो. मी म्हटलं, मी ह्याच्याशेजारी झोपणार नाही, आणि रुसून अंगणात आजीच्या बाजेवर गेले. आजी आतल्या उकाड्याला कंटाळून बाहेर झोपायची. अण्णा जागलीला शेतावर होते. आई आत होती, तिला दुपारी बाहेर काढलं, तिचा पाय गेला पण ती राहिली.

तर मी आज पुण्यात बसून तुम्हाला हे टाइप करतेय ते एका चोरलेल्या खिरापतीमुळे. तो गुणी असता आणि खिरापत निमूट दिली असती, तर मी माजघरातच असते. आता सांगा त्याला मी गुणी कसं म्हणू?

आईला वाचून दाखवलंय. ती म्हणाली, पाटीचं तेव्हा कळलं असतं तर त्यालाच धपाटे दिले असते.

---

तिरकस_रेघ | १ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मी आपला वाचतो गप्प.

---

झाडीपट्टीकर | २ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

आमच्या लहानीचं सांगतो. आमचं गाव वडश्याच्या बाजूला, गडचिरोली जिल्ह्यात. लहानीला सिकलसेल. एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाबा दोघांकडून आलेला. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी: रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडात असं दुखणं उठते का माणूस लोळते. थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला, का उठलंच.

लहानी त्याचा पुरेपूर फायदा घ्यायची. रोवण्याच्या दिवसांत सगळे चिखलात वाकलेले, आणि ही बांधावर, "दादा, पाय दुखून राहिला." खरंच दुखते का नाटक, कुणाची विचारायची हिंमत नाही. बाकीचे दूर गेले की माझ्याकडे बघून डोळा मारायची.

आणि नाटक म्हणजे तिचा जीव. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे दिवस, गावोगावी रातभर नाटकं. आईनं सक्त मनाई केलेली, रातची थंडी म्हणून. तर एकदा उशी पांघरुणाखाली टाकून माझ्या सायकलवर डबल सीट गेली. पहाटे परत येईपर्यंत दुखणं सुरू. मला म्हणे, आईला सांग मी नहाणीत घसरली. आठ दिवस दवाखान्यात भरती. तिथं सलाईन लावलेल्या हातानं नाटकातल्या खलनायकाची नक्कल करून दाखवायची, सिस्टर लोकं गोळा व्हायच्या.

एकोणीस वर्षांची होऊन गेली. तेव्हा हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आमच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. आता सरकारनं २०२३ पासून देशभर मोहीम घेतली आहे, शाळाशाळांत तपासणी होते, बरं वाटते बघून.

मी स्वतः वाहक, एएस. लग्न जमवताना मुलीकडच्यांनी हुंड्याचं विचारायच्या आधी मी सोल्युबिलिटी टेस्टचं, म्हणजे सिकलसेलच्या रक्ततपासणीचं, विचारलं. दोन ठिकाणी हाकलून दिलं. तिसऱ्या घरच्या मुलीनं स्वतःच रिपोर्ट आणून दाखवला. तीच बायको.

---

उसगावकर | २ ऑक्टोबर, सकाळी १०:१५ (भारतीय वेळ)

माझी ताई लहान वयात गेली असं म्हणता येईल का, माहीत नाही. छत्तीस. एप्रिल २०२१, दुसरी लाट. मी न्यू जर्सीत. ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं, आणि वकिलातीत व्हिसाचा शिक्का मिळत नव्हता. निघालो असतो तर बायको-मुलगी इकडे आणि मी तिकडे, कधीपर्यंत ते कुणाला सांगता येत नव्हतं. सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. ह्यावर मला जास्त लिहायचं नाही.

खोडी: मी सहा वर्षांचा होईपर्यंत मला खात्री होती की मला बोहारणीकडून घेतलंय. ताईने सांगितलं होतं, "आईच्या दोन जरीच्या साड्या दिल्या, त्यात एक स्टीलचं पातेलं आणि तू आलास. पातेलं बघ, अजून आहे." आणि ते पातेलं खरंच होतं! बोहारीण गल्लीत आली की ताई मला दारात नेऊन उभं करायची आणि तिला विचारायची, "परत घेणार का?" बोहारीण पण महाबेरकी. मला वरून खालपर्यंत बघून म्हणायची, "पोचे आलेत, नको."

आता ताईची मुलगी दहा वर्षांची आहे. भाऊबीजेला व्हिडिओ कॉल लावते आणि ताटातल्या निरांजनाने फोनला ओवाळते. गेल्या वर्षी तिला पातेल्याची गोष्ट सांगितली. तिने स्वयंपाकघरातून ते शोधून आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, "मामा, पण मग तू जास्त महाग होतास का हे?"

---

पेणची_पाहुणी | २ ऑक्टोबर, दुपारी १२:००

"पोचे आलेत, नको." मी ऑफिसात बसून हे वाचायला नको होतं.

---

ओवीचा_नाद | २ ऑक्टोबर, रात्री ८:३०

तिरकस_रेघ ह्यांचा मुद्दा वाचल्यापासून एक डोक्यात घोळतंय.

आळंदीची चार भावंडं आपल्या सगळ्यांच्या घरात फोटोत हात जोडून बसलेली असतात. १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, वय एकवीस. महिन्याभरात सासवडला सोपानदेव. पुढच्या वैशाखात तापीकाठी मुक्ताबाई. थोरले निवृत्तिनाथ तिघांच्या मागे राहिले, आणि ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी तेही गेले. आठ महिन्यांत घर संपलं. नामदेवांनी समाधीचे अभंग लिहिले त्यात निवृत्तिनाथांची अवस्था वाचा. तिथे गुरू दिसत नाही, मोठा भाऊ दिसतो, आणि त्याला काही सुचेनासं झालेलं आहे.

पण धाग्याच्या नियमाप्रमाणे खोडी हवी, तर तीही आहे. ज्ञानेश्वर एकदा लोकांच्या बोलण्याने चिडून झोपडीचं दार लावून आत बसले. धाकटी मुक्ताबाई बाहेरून समजूत घालतेय, ते ताटीचे अभंग. ज्याला आपण माऊली म्हणतो तो भाऊ रुसून बसल्याची आठवण सातशे वर्षं टिकली आहे. कुणी ती पुसून टाकली नाही.

---

शिस्तीत_असावे | २ ऑक्टोबर, रात्री ९:०५

समाधी आणि मृत्यू एकत्र करू नका. आणि ताटी लावणं ही खोडी नव्हे. संतांना ह्या धाग्यात ओढायची गरज नव्हती.

---

ओवीचा_नाद | २ ऑक्टोबर, रात्री ९:२२

समाधीचा अर्थ वेगळा, मान्य. मागे राहिलेल्या भावाचं रडणं वेगळं असतं असं मात्र नामदेवांनी लिहिलेलं नाही. बाकी वाद दुसऱ्या धाग्यावर घालू.

---

केडगावची | २ ऑक्टोबर, रात्री १०:४०

माझ्या मनात पंडिता रमाबाईंचा भाऊ आला. १८७४च्या सुमाराला दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि श्रीनिवासशास्त्री. दोघं भावंडं हजारो मैल पायी, अर्धपोटी देशभर हिंडली आणि १८७८ला कलकत्त्याला पोचली. तिथे बहिणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ पदव्या मिळाल्या. १८८०ला भाऊ ढाक्याला गेला, तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. आजारपणात त्याला काळजी बहिणीचीच, हिचं पुढे कसं होणार, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

एवढं चालले दोघं एकत्र. कधी त्याने तिची शेवटची भाकरी पळवली असेल, वाट चुकवली असेल, तिच्या संस्कृतची टिंगल केली असेल. ते कुठेच नाही. मला ते वाचायला फार आवडलं असतं.

---

निवृत्त_गुरुजी | ३ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

माळवदताई, आपल्याकडे भावाचा फोटो नाही म्हणालात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी नोकरी केली. एक सुचवतो. ज्या शाळेत तो होता तिथे प्रवेश-निर्गम रजिस्टर असतं, ते कायम जतन करायचं असतं. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या आणि प्रवेश निर्गम उतारा मागा. त्यात नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख नि कारण, सगळं येतं. जुन्या शाळेचं दप्तर नव्या गावठाणात आणलं असेल तर मिळेल.

फोटोचं म्हणाल तर तुमच्या गावात शोधू नका. भूकंपाच्या पट्ट्याबाहेर राहणारे नातेवाईक आठवा, १९९३ पूर्वी ज्यांच्याकडे लग्न झालं ते. आल्बममध्ये पंगतीचा फोटो असतो, आहेर देतानाचा असतो. कडेला पोरं उभी असतात.

---

माळवद | ३ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

गुरुजी, हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. बार्शीला आत्या आहे, तिच्या मुलीचं लग्न १९९१चं. तिला फोन लावते. शाळेचं चुलतभावाला सांगते. तो भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने पुण्याला शिकायला नेलेल्या मुलांपैकी, आता परत गावीच असतो.

---

शेवंती_२ | ५ ऑक्टोबर, रात्री ११:४८

मी भावंड नाही, आई आहे. इथे लिहिलं तर चालेल का? नसेल तर उडवा.

माझा मोठा मुलगा फेब्रुवारीत गेला. ल्युकेमिया. चौदा वर्षांचा होता. धाकटा दहाचा आहे. तो रडला नाही. त्या काळात बराचसा मामाकडे होता. आल्यापासून दादाच्या पलंगाकडे जात नाही, त्याचं नाव घेत नाही. येणारा प्रत्येक जण त्याच्या डोक्यावरून हात फिरवून सांगतो, "आता आईबाबांना तुलाच सांभाळायचंय." तो मान हलवतो.

परवा शाळेच्या बसमध्ये एका मुलाला त्याने सांगितलं ते बाईंनी मला सांगितलं. "माझं रक्त मॅच झालं नाही म्हणून दादा मेला." त्याची तपासणी झाली होती, बोन मॅरोसाठी. जुळलं नव्हतं. आम्ही त्याला तेव्हा फक्त "नाही जमलं" एवढंच म्हणालो होतो.

मी काय सांगू त्याला? तुम्ही सगळे कधीतरी त्याच्या वयाचे होतात म्हणून तुम्हाला विचारतेय.

---

डॉ_उंबरठा | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

शेवंतीताई, त्याला स्पष्ट आकडा सांगा. सख्ख्या भावाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे न जुळणंच जास्त वेळा होतं. त्याचं रक्त चांगलं आहे, कमी पडलेलं नाही. ज्या डॉक्टरांनी तपासणी केली त्यांना भेटून त्यांच्याच तोंडून हे त्याला ऐकवता आलं तर उत्तम. शाळेतल्या समुपदेशकांनाही कळवा. दहाव्या वर्षी मुलं असा हिशोब मनात मांडतात आणि कुणाला दाखवत नाहीत.

---

झाडीपट्टीकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ताई, हा चारात एक मला पाठ आहे. आमच्यात पण तोच. आईबाबा दोघंही वाहक, लहानीला दोन्हीकडून वाईट आलं, मला एकाकडून. लहानपणी मला वाटायचं का मी चांगलं रक्त आधी घेऊन टाकलं, तिला उरलं नाही.

नववीत विज्ञानाच्या सरांनी चिठ्ठ्या करून दाखवलं. तुम्ही पण करा. आईच्या दोन चिठ्ठ्या, अ आणि ब. बाबाच्या दोन, क आणि ड. प्रत्येक मूल डोळे मिटून आईची एक आणि बाबाची एक उचलते. मग चिठ्ठ्या परत टाकायच्या, दुसऱ्या मुलासाठी पुन्हा उचलायच्या. दादाची जोडी आली तीच आपली यावी, हे कितीदा होते ते त्यालाच मोजू द्या. वीस-पंचवीसदा उचलू द्या. मला त्या दिवशी कळलं का उचलायच्या वेळी माझे डोळे मिटलेले होते.

---

मोरगिरीकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

आणि ते "तुलाच सांभाळायचंय" बंद करा, हात जोडून सांगतो. मला बाराव्या दिवशी मामांनी सांगितलं होतं. मी पुढे कितीतरी वर्षं घरात मोठ्याने हसलो नाही. येणाऱ्यांना दारातच सांगा, त्याला काही बोलायचं असेल तर क्रिकेटचं बोला.

---

माळवद | ६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

शेवंतीताई, तुम्ही इथल्याच आहात, उडवायचा प्रश्नच नाही.

माझ्याकडून एवढंच. दादा गेल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो तेव्हा सगळे माझ्यासमोर त्याचा विषय बंद करायचे, मला त्रास होईल म्हणून. मला वाटायचं त्याचं नाव घेतलं की आईचा दुसरा पायही जाईल. तुम्हीच आधी बोला. आणि चांगलं बोलू नका! दादाने केलेला एखादा उपद्व्याप सांगा. देवासारख्या दादाबद्दल धाकट्याला काही बोलता येत नसतं.

ताजी बातमी: उतारा आला. चुलतभावाने व्हॉट्सॲपवर पाठवला. नाव आहे, वडिलांचं नाव आहे, जन्मतारीख अक्षरी लिहिलीय. शाळा सोडल्याचं कारण, मयत. प्रगती, बरी. आणि वर्तणूक, "चांगली".

तिथेही!

---

निवृत्त_गुरुजी | ७ ऑक्टोबर, सकाळी ५:५५

ताई, वर्तणूक "चांगली" आम्ही सगळ्यांनाच लिहायचो. माझ्या खुर्चीला खाजकुयली लावणाऱ्यालाही मीच लिहिलंय. ते मनावर घेऊ नका. "प्रगती बरी" मात्र तपासून लिहायचो.

---

माळवद | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

मग काकांना ‘प्रगती बरी’चा स्क्रीनशॉट पाठवते. कलेक्टर म्हणे.

---

उसगावकर | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

शेवंतीताई, कसं चाललंय? सवडीने लिहा.

---

शेवंती_२ | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०२

चिठ्ठ्या केल्या. रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर. त्याने एका वहीत उभ्या रेघा मारून मोजलं. बराच वेळ जुळेचना, मग दोनदा लागोपाठ जुळलं, मग पुन्हा नाही. थोड्या वेळाने विचारलं, "म्हणजे मी आणि दादा जन्मायच्या आधीच हे झालेलं?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग तेव्हा मी काय करणार!" आणि खेळायला गेला.

डॉक्टरांना पुढच्या आठवड्यात भेटतोय.

काल रात्री मी हा धागा त्याला वाचून दाखवला, थोडं गाळून. छातीतलं मांजर दोनदा वाचायला लावलं. मग मी म्हटलं, दादाने एकदा माझ्या फोनवरून तुझ्या मावशीला "मी पळून जातेय" असा मेसेज पाठवला होता. तर म्हणाला, हे काहीच नाही. आणि सांगत सुटला. त्याने सांगितलं तसंच लिहिते:

"दादा रोज सकाळी त्याचं दूध माझ्या ग्लासात ओतायचा आणि तुला सांगायचा संपलं. मी दोन ग्लास प्यायचो. सांगितलंस तर क्रिकेटमध्ये घेणार नाही म्हणायचा. म्हणून मी जाडा झालो आणि तो उंच. आणि तू नातेवाइकांना सांगायचीस की मोठा दूध पितो म्हणून उंच आहे."

मी खरंच असं सांगायचे, सगळ्यांना.

त्याने आणखी सात-आठ सांगितल्या, त्यातली एक सोसायटीच्या टाकीबद्दल आहे, ती मी इथे लिहू शकत नाही. झोपताना विचारत होता की तुमच्यात पहिला नंबर कुणाला देणार, आणि बक्षीस आहे का.

---

झाडीपट्टीकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

पहिला नंबर आमच्या लहानीचा आहे हे त्याला सांगून द्या. टाकीचं काय ते व्यनीत (खासगी निरोपात) कळवा, मग फेरविचार करू.

---

मोरगिरीकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

फेरविचार कसला? मांजराला तोड नाही. बक्षीस म्हणून पोराला डालड्याच्या डब्यातल्या दहा गोट्या पाठवतो. माझ्या वाटणीच्या. पत्ता व्यनी करा.